गैरहजेरीचा चौथा दिवस

परदेशातल्या शाळेत शिकवून आले असं सांगितलं की लोक मला तीन प्रश्न विचारतात. थंडी सोसली का, जेवणाचे हाल झाले का, आणि तिथली मुलं स्वतःची शाळा स्वतः झाडतात हे खरं का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी हौसेने देते. तिसऱ्याला मात्र माझं डोकं फिरतं. एक तर मी गेले होते स्कॉटलंडला, आणि तिथे शाळा झाडायला पगारी माणसं आहेत. दुसरं म्हणजे शाळा झाडणारी मुलं बघायला विमानात कशाला बसायला हवं? इगतपुरीच्या डोंगराकडच्या माझ्या शाळेत घंटेच्या आधी येऊन बघायचं होतं. चौथीच्या पोरी अंगण झाडून, सडा मारून, वर मलाच दटावायच्या, "मॅडम, चपला तिकडं काढा, आत्ताच झाडलंय."

एकतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांमध्ये काढली, त्यातली एकोणीस इगतपुरी तालुक्यात. आता निवृत्त होऊन नाशिकच्या इंदिरानगरात राहते आणि खालच्या मजल्यावरच्या पोरांचे पाढे घेते. नोकरीच्या शेवटच्या टप्प्यात शिक्षकांच्या अदलाबदलीच्या एका योजनेत माझी निवड झाली. ऑगस्ट ते डिसेंबर, एक सत्र, समुद्रकाठच्या एका छोट्या गावातली प्राथमिक शाळा. मुलाखतीत विचारलं होतं, "तुम्ही तिथल्या मुलांना काय द्याल?" बाकीचे उमेदवार संस्कृती, मूल्यं वगैरे बोलले असावेत. मी म्हटलं, "पाढे." निवड त्यावर झाली की माझ्या इंग्रजीवर, हे मला अजून कळलेलं नाही. इंग्रजीवर झाली असेल असं वाटत नाही.

बाहेरच्यांना वाटतं, प्राथमिक शिक्षकाचं काम म्हणजे शिकवणं. शिकवणं नंतरचं. आधी मुलं वर्गात असावी लागतात. आमच्याकडे भाताची कापणी आली, आई-बाप कामाला बाहेरगावी निघाले, घरात नवं बाळ आलं की पोरं हजेरीपटावरून गळायला लागतात, आणि पोरी पोरांच्या आधी गळतात. यासाठी माझा स्वतःचा एक शिरस्ता होता. एक दिवस पोर आलं नाही तर सोडून द्यायचं, पाहुणे आले असतील. दुसऱ्या दिवशी धरायचं, ताप असेल. तिसऱ्या दिवशी शेजारच्या पोराबरोबर निरोप धाडायचा. चौथ्या दिवशी शाळा सुटली की स्वतः घर गाठायचं.

घरी गेलं की आधी चहा. बहुतेक वेळा कोरा, गुळाचा. चहा संपेपर्यंत शाळेचं नावही काढायचं नाही. भात कसा आहे, म्हैस दूध देते का, थोरलीला स्थळ आलं का, हे सगळं विचारायचं. आपण त्यांच्या ओट्यावर बसून त्यांच्या कपातला चहा प्यालो की आपण तपासणीला आलेला साहेब राहत नाही, आणि मग खरं काय ते बाहेर येतं. या चहाच्या जोरावर मी किती पोरी वर्गात परत आणल्या, याची माझ्याकडे नोंद नाही, पण पुष्कळ आणल्या.

त्यातली यमुना माझी हुकमाची गोष्ट. तिसरीतली पोर, चार दिवस गायब. मी गेले. चहा झाला. तिचे वडील धर्मा म्हणाले, "मॅडम, पोरगी शाळंत आली तर बारक्याला कोन पाहील? आमी दोघं बी कामावर जातो."

"बारक्यालाही पाठवा."

"वर्गात?"

"वर्गात."

"लय रडतो तो."

"रडू दे. माझ्या वर्गात त्याच्याहून मोठी पोरं रडतात."

दुसऱ्या दिवशी यमुना दीड वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन वर्गात हजर. पुढची दोन वर्षं तिचा एक खाडा नाही. ही गोष्ट मी कितीतरी शिक्षक प्रशिक्षणांत सांगितली आणि दर वेळी टाळ्या घेतल्या.

तर अशी ही बाई स्कॉटलंडला पोचली. पहिल्याच दिवशी शाळेच्या मुख्याध्यापिका मॉराग यांनी माझ्या हातात एक जाड फाइल दिली. मुलांच्या सुरक्षिततेचे नियम. "वाचा आणि शेवटच्या पानावर सही करा," त्या म्हणाल्या. आता मला सांगा, ज्या बाईने एकतीस वर्षं आठवड्याला चार परिपत्रकांवर 'वाचले' असं लिहून सही केली आहे, ती काय करणार? मी शेवटचं पान काढलं आणि सही केली.

मला तिसरीचा वर्ग मिळाला होता. बावीस मुलं, सगळी सात वर्षांची. वर्गशिक्षिका फिओना माझ्या लेकीच्या वयाची. ती आवाज न चढवता वर्ग गप्प करायची. नुसता हात वर करून उभी राहायची आणि बावीस पोरं एकेक करून चूप. ही विद्या मला शेवटपर्यंत जमली नाही. मी हात वर केला की पोरांना वाटायचं मला काहीतरी विचारायचंय.

सकाळी घंटा झाली की मुलं रांगेने यायची, ओले कोट खुंटीला, बाहेरचे बूट काढून आतले बूट. हजेरी, मग दुपारी कोण काय जेवणार याची यादी. गायधनी हे आडनाव तिथे कुणाच्या जिभेला झेपेना, म्हणून त्यांनी मला 'मिसेस जी' करून टाकलं. मधल्या सुट्टीत पाऊस असला तरी पोरं बाहेरच. पावसाबद्दल ते लोक माझी माफी मागायचे. मी म्हणायचे, "याला तुम्ही पाऊस म्हणता? आमच्या इगतपुरीत असल्या पावसात लोक कपडे वाळत घालतात." हे थोडं वाढवून होतं, पण तिथे तपासायला कोण येणार होतं?

मूल पडलं, डोक्याला टेंगूळ आलं, की घरी छापील चिठ्ठी जायची. कुठे पडलं, किती वाजता, कोणी पाहिलं, काय लावलं. पहिल्या चिठ्ठीवर मी 'फुंकर मारली' असं लिहिलं. फिओनाने ती चिठ्ठी हसत हसत फाडली आणि दुसरी लिहिली. शिक्षकांच्या खोलीत मी कुणाच्या तरी कपातून चहा घेतला आणि खोलीत शांतता पसरली. तिथे ज्याचा कप त्याचा असतो, एकवेळ आडनाव बदलेल पण कप बदलत नाही. दुसऱ्या दिवशी फिओनाने माझ्यासाठी कप आणला.

पाढ्यांचं मात्र मी खरं केलं. उभं राहून, चालीवर, सगळ्या वर्गाने मिळून, भिंती हलतील अशा आवाजात. शेजारच्या वर्गाच्या बाईंनी पहिल्या आठवड्यात दार लावून घेतलं. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी ते उघडलं आणि विचारलं, "सातचा पाढा आमच्याही मुलांना म्हणायला लावाल का?" सातच्या पाढ्यापाशी जगभरची मुलं अडतात. त्या दिवशी माझा रुबाब बघण्यासारखा होता.

या वर्गात केटी होती. बारीक, पिंगट केसांची, कमी बोलणारी. कुणाचं दूध सांडलं की बाकीची पोरं ओरडायची आणि केटी फडकं आणायची. खुंटीवरून पडलेले कोट उचलून लावायची, तेही कुणी न सांगता. सकाळी कधी कधी बाकावर डोकं टेकून झोपायची. दुपारी दोन वाजल्यापासून घड्याळाकडे बघायची. मला ती फार आवडायची. 'गुणी मुलगी,' मी फिओनाला म्हणत असे. इतक्या यमुना पाहिलेल्या बाईला याहून जास्त कळायला हवं होतं.

सप्टेंबरअखेरचा आठवडा. मंगळवारी केटी आली नाही. बुधवारी नाही. गुरुवारी मी फिओनाला विचारलं.

"तिच्या आईचा रोज फोन येतो," फिओना म्हणाली. "पोट दुखतंय."

"तीन दिवस?"

"याआधीही असं झालंय. ऑफिसचं लक्ष आहे. आधी फोन, मग पत्र, मग आईला बोलावून बैठक. त्याचा एक क्रम असतो."

क्रम माझाही होता. शुक्रवारी चौथा दिवस होता.

केटीचं घर मला माहीत होतं. माझ्या रस्त्यावरच निळ्या दाराचं घर, एकदा तिने खिडकीतून हात केला होता. शाळा सुटल्यावर मी तिची चित्रांची वही घेतली आणि सरळ जाऊन दार ठोठावलं. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. विचारायचं असतं हे डोक्यातच आलं नाही.

दार बऱ्याच वेळाने उघडलं. तिशीतली बाई, अंगात झोपेचा गाऊन, एका हाताने चौकट घट्ट धरलेली. ही केटीची आई, लॉरा.

"तुम्हाला शाळेने पाठवलं?" तिने विचारलं. तिच्या चेहऱ्यावर सरळ भीती होती.

"नाही. मी केटीच्या वर्गात असते. मिसेस जी."

"तिचं पोट दुखतंय."

"बरं," मी म्हटलं. "मला एक कप चहा द्याल का?"

परक्याच्या दारात उभं राहून चहा मागणारी बाई तिने जन्मात पाहिली नसावी. नाही म्हणायचं तिला सुचलंच नाही. ती बाजूला झाली.

चहा लॉराने केला नाही, केटीने केला. तिने स्टूल ओढलं, किटली भरली, बटण दाबलं, कप काढले, दूध हुंगून पाहिलं. उकळतं पाणी ओतताना एक थेंब बाहेर नाही. सिंकमधली भांडी धुतलेली होती, दोरीवर कपडे होते, तेही खालच्या दोरीवर, तिच्या हाताला पोचेल अशा. लॉरा भिंतीला धरत येऊन बसली. पाठीच्या दुखण्याने ती वर्षभर घरात होती आणि त्याहून जास्त मनाच्या दुखण्याने. काही दिवस तिला अंथरुणातून उठवतच नव्हतं. घरात तिसरं माणूस नव्हतं. हे सगळं बोलता बोलता तिनेच सांगितलं.

मी चहा संपेपर्यंत शाळेचं नाव काढलं नाही. समुद्र, मासे, थंडी, माझी लेक, असं बोलत राहिले. कप रिकामा झाला तेव्हा लॉरा रडत होती.

"शाळेत सांगू नका," ती म्हणाली. "ते तिला माझ्याकडून घेऊन जातील."

"कोण घेऊन जाईल?"

"तुम्हाला माहीत नाही. एकदा कागदावर आलं की संपलं. कृपा करा."

केटी स्टुलावर बसून आम्हा दोघींकडे पाहत होती. माझ्या जागी इगतपुरीची कुठलीही मास्तरीण असती तरी तिने हेच केलं असतं. मी लॉराचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "नाही सांगणार. शब्द देते. पण सोमवारी पोरगी शाळेत हवी."

"येईल," लॉरा म्हणाली.

शनिवारी आमच्या यांना मी व्हिडिओवर सगळं सांगितलं. आमचे हे तेव्हा ओझरच्या विमान कारखान्यात होते, आयुष्य तपासणी खात्यात गेलेलं. मला वाटलं, शाबासकी मिळेल. हे म्हणाले, "शब्द दिलास? तू तिथली कोण?"

"शिक्षिका."

"पाहुणी शिक्षिका. ती फाइल वाचली होतीस का?"

"सही केली होती."

"म्हणजे नाही वाचलीस. अगं, आमच्याकडे नियमांच्या पुस्तकात एकेक ओळ असते ना, तिच्यामागे कुणाचं तरी बोट गेलेलं असतं. उगाच कुणी लिहीत नाही."

मला राग आला आणि मी फोन ठेवला. रविवारी फाइल काढून बसले. सहाव्या पानावर ठळक अक्षरात होतं की कुणीही मुलाला किंवा पालकांना गुपित ठेवण्याचं वचन देऊ नये, आणि एकट्याने कुणाच्या घरी जाऊ नये. मी ते पान दोनदा वाचलं आणि फाइल मिटली. मनात म्हटलं, सोमवारी पोरगी आली तर कोण विचारतंय.

सोमवारी पोरगी आली. वेणी कशीबशी घातलेली, पण आली. हजेरीला तिचं नाव आलं तेव्हा मला जो आनंद झाला तो मी लपवला नाही. चौथ्या दिवसाचा शिरस्ता इथेही चालतो म्हणजे! साता समुद्रापलीकडे!

सोमवारी सकाळी मुलं सतरंजीवर गोल बसून सुट्टीतल्या बातम्या सांगत. कुणाच्या कुत्र्याला पिल्लं झाली, कुणी आजीकडे गेलं. केटीचा नंबर आला. एरवी ती 'काही नाही' म्हणायची. त्या दिवशी ती ताठ बसली आणि म्हणाली, "मिसेस जी आमच्या घरी आल्या. मी त्यांना चहा करून दिला."

फिओनाने माझ्याकडे पाहिलं. नंतर केटीकडे बघून ती हसली, "छान," म्हणाली आणि पुढच्या मुलाकडे वळली. पण तिच्या मानेवर लाली चढलेली मला दिसली. मधल्या सुट्टीत मी मॉरागच्या खोलीत होते.

मॉराग साठीला आलेल्या, पांढऱ्या आखूड केसांच्या. त्यांनी आवाज चढवला नाही. मला वाटतं तो त्या शाळेचाच नियम असावा.

"तुम्ही गेला होतात?"

"हो."

"एकट्या?"

"हो. आणि पोरगी आज शाळेत आहे. तुमचे फोन आणि पत्रं तीन आठवड्यांत जे करणार होती, ते एका चहात झालं."

"ते खरं आहे," मॉराग म्हणाल्या. "आणि तरीही तुम्ही जायला नको होतं. आत काय पाहिलंत?"

मी लॉराला शब्द दिला होता. आमच्याकडे घरच्या ओट्यावर ऐकलेली गोष्ट शाळेच्या पायरीवर सांगत नाहीत. एकदा जरी सांगितली तरी त्या वाडीत पुन्हा कुणी चहा विचारत नाही.

"मला सांगता येणार नाही," मी म्हणाले.

"तुम्हाला परत पाठवतील, या भीतीने तुम्ही गप्प असाल तर तसं सांगा."

"त्या भीतीने नाही."

 मग त्यांनी धमकी दिली नाही, वेगळंच विचारलं. "तुमच्याकडे ज्या मुलींवर घराचा भार असतो, त्यांचं तुम्ही काय करता?"

हा प्रश्न मला सोपा वाटला. माझी हुकमाची गोष्ट! मी यमुना सांगितली. धर्मा सांगितला, रडणारा बारक्या सांगितला, दोन वर्षं एक खाडा नाही हे सांगितलं. टाळ्यांची जागा आली.

मॉरागनी टाळ्या वाजवल्या नाहीत. "ती शिकली का?" त्यांनी विचारलं.

"रोज यायची."

"हो, पण शिकली का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला यमुना दिसली. मागच्या भिंतीला टेकून, मांडीवर भाऊ. मी फळ्यावर भागाकार लिहीत असे तेव्हा ती त्याला थोपटत असे. बाकीची पोरं वही पुढे करायची तेव्हा ती त्याचं नाक पुसत असे. तो झोपला की ती हळूच पेन्सिल घ्यायची, तोवर मी पुढच्या गणितावर गेलेली. चौथी झाली आणि ती शाळेतून गेली ती गेलीच. तिला भागाकार येत नव्हता. हे मला तेव्हाही माहीत होतं. हजेरीपट भरलेला होता, म्हणून मी त्याकडे पाहिलं नाही. तिच्या कडेवरचं ओझं मी उतरवलं नव्हतं, वर्गात उचलून आणलं होतं, आणि त्याच्या टाळ्या घेतल्या होत्या.

मला रडू आलं. परक्या देशात, परक्या खोलीत, यमुनासाठी रडू आलं. मॉरागनी कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला.

सोमवारी केटी वर्गात आली होती. मंगळवारीही आली असती, वेणी कशीबशी घालून, पहाटे उठून, आईचं सगळं करून. मी हजेरी मोजून खूश झाले असते आणि डिसेंबरात नाशिकला येऊन नवी गोष्ट सांगत हिंडले असते.

"सांगते," मी म्हटलं. "पण एक अट आहे. आधी मी लॉराला तोंडावर सांगणार की मी सांगतेय. तिला कागदावरून कळता कामा नये."

मॉरागनी दोन फोन केले. मग म्हणाल्या, "मी बरोबर येईन."

"या. पण दार मी ठोठावणार."

लॉराने दार उघडलं, आधी मला पाहिलं आणि हसली. मग मागे मॉराग दिसल्या. ते हसू कसं गेलं ते मी अजून विसरलेले नाही.

मी इंग्रजीत काय वाक्यं जुळवली ते आता आठवत नाही. मी शब्द दिला होता, तो द्यायचा मला अधिकार नव्हता, आणि मी तो मोडतेय, असं काहीतरी म्हणाले. केटी आईला फार छान सांभाळते, पण तिने सांभाळावं हे बरोबर नाही, असंही म्हणाले. लॉराने सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही इथे बसलात," ती म्हणाली. "माझ्या घरात. माझा चहा प्यायलात."

  मॉराग आत गेल्या आणि मी रस्त्यावर उभी राहिले.

मला परत पाठवलं नाही. मॉरागनी अदलाबदलीच्या योजनेवाल्यांना सविस्तर लिहिलं, माझी चूकही लिहिली आणि मी आपणहून सांगितल्याचंही लिहिलं. उरलेलं सत्र मी एकटीने कुठल्याही मुलाजवळ असायचं नाही असं ठरलं. सात वर्षांचं मूल बाथरूमला निघालं तरी मी दुसऱ्या कुणाला हाक मारायची. एकतीस वर्षांच्या नोकरीत असला अपमान माझा झाला नव्हता, आणि तो मी कमावलेला होता, हेही कळत होतं. पाढे मात्र तितक्याच जोरात चालू ठेवले. उलट नऊचा घेतला.

केटीला कुणी नेलं नाही. चौकशीला दोन बाया आल्या. लॉराच्या मदतीला सकाळ-संध्याकाळ एक बाई यायला लागली, मनाच्या डॉक्टरांकडे तिचा नंबर लागला. केटी शाळेत नाश्त्याला यायची. हे सगळं मला फिओनाकडून कळायचं, कारण केटी माझ्याशी बोलायची बंद झाली होती. ती उद्धट वागायची नाही, नुसती बोलायची नाही. पाढ्यांना उभी राहायची, ओठ हलायचे. माझ्या बाजूची जागा रिकामी असली तरी दुसरीकडे बसायची. रोज सकाळी मी ठरवायचे की याचं वाईट वाटून घ्यायचं नाही, आणि रोज दुपारपर्यंत वाटायचं.

यांना फोनवर म्हटलं, "पोरगी माझं तोंड बघत नाही."

"मग तू तिचं गणित बघ," हे म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात यांनी मला दिलेला हा सगळ्यात चांगला सल्ला.

मी गणित बघितलं. फिओना शेजारी असताना, रोज दहा मिनिटं. केटी माझ्याकडे न बघता वही सरकवायची, मी बोलण्याऐवजी पेन्सिलने दाखवायचे. नोव्हेंबरात तिला भागाकार यायला लागला. वहीत पहिल्यांदा बाकी न उरता उत्तर आलं तेव्हा तिने पटकन वर पाहिलं, आणि मी आहे हे लक्षात येऊन पुन्हा खाली पाहिलं. मला तेवढं पुरलं. पेन्सिल मला दिसेना म्हणून चष्मा काढून पुसला.

डिसेंबरात सत्र संपलं. शेवटच्या सकाळी मी फाटकाशी फिओनाबरोबर उभी होते, मुलं येत होती, कुणी कार्ड देत होतं, कुणी चॉकलेट. आणि रस्त्याच्या टोकाकडून लॉरा येताना दिसली. हातात काठी, हळूहळू, पण स्वतःच्या पायांनी. शेजारी केटी. मी तिथे गेल्यापासून केटीला शाळेत सोडायला कुणी आलेलं मी पाहिलं नव्हतं.

ती माझ्यासमोर येऊन थांबली. मी म्हणाले, "मला माफ करा."

"पुन्हा असं झालं तर काय कराल?" लॉराने विचारलं.

मी खोटं बोलू शकले असते. "शब्द देणार नाही," मी म्हणाले. "पण सांगेन."

तिने मान हलवली. "मी तुम्हाला माफ केलेलं नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही आज जाणार हे कळलं, म्हणून आले."

मी केटीकडे वळले. निरोपाची दोन वाक्यं मी रात्री पाठ करून ठेवली होती. तेवढ्यात आवारातून कुणीतरी तिच्या नावाने ओरडलं, लाल टोपीची एक मुलगी, दोरीच्या उड्यांसाठी चौथा गडी कमी पडत होता. केटीने आईचा हात सोडला, दप्तर माझ्या पायाशी टाकलं आणि धूम ठोकली. आईकडे तिने वळून पाहिलं नाही. मी आज जाणार आहे हे ती साफ विसरून गेली होती.

लॉरा आणि मी फाटकाशी उभ्या राहून तिच्या उड्या मोजत राहिलो.